टोमॅटो, नाणेघाट आणि चौथीचा वर्ग

जून-जुलैमध्ये अनेक प्राथमिक शाळांत 'पाऊस' हा विषय आठवडाभर चालतो. मराठीच्या तासाला पावसाची कविता, गणिताला छत्र्यांची बेरीज, चित्रकलेला ढग आणि परिसर अभ्यासाला जलचक्राची आकृती. आठवडा संपला की तक्ते भिंतीवर राहतात आणि 'विषयांचं एकात्मीकरण केलं' अशी नोंद टाचण वहीत होते. शिक्षकांनी मेहनत घेतलेली असते, मुलांना मजाही आलेली असते. पण छत्र्यांऐवजी आंबे मोजले असते तरी बेरीज तीच राहिली असती. त्या आठवड्यात गणितामुळे पाऊस अधिक कळला नाही आणि पावसामुळे गणितही पुढे सरकलं नाही.

सामाजिक शास्त्रातला एखादा विषय मध्यभागी ठेवून भाषा, गणित, विज्ञान त्याच्याभोवती गुंफायचं असेल, तर माझ्या मते सुरुवात विषयाच्या नावापासून करू नये, प्रश्नापासून करावी. 'बाजार' हे नाव झालं. 'आपल्या बाजारात आलेला माल कुठून येतो आणि त्याचा भाव कसा ठरतो?' हा प्रश्न झाला. प्रश्न हाती आला की कसोटीही हाती येते. गणित बाजूला काढलं तर या प्रश्नाचं उत्तर अडतं का? अडत असेल तर गणित या घटकात हवं. अडत नसेल तर त्याला त्याच्या स्वतःच्या तासाला राहू द्यावं. ओढूनताणून आणलेला विषय स्वतःही नीट शिकवला जात नाही आणि मूळ प्रश्नही पातळ करतो.

ही कसोटी नवी नाही. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात एक प्रयोगशाळा काढली, ती लहान मुलांची शाळा होती. तिथल्या एका कामाचं वर्णन त्यांनी 'द स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात केलं आहे. मुलांच्या हाती लोकर, जवसाच्या झाडाचं फ्लॅक्स आणि कापसाची बोंडं दिली होती. कपडा कसा होतो हे त्यांनी स्वतः शोधायचं होतं. मुलं सरकीपासून कापूस हातानं सोडवायला बसली. अर्धा तास खपून निघालेला कापूस एक औंससुद्धा, म्हणजे जेमतेम २८ ग्रॅमही भरला नाही. तेव्हा त्यांना कळलं की त्यांच्या पूर्वजांच्या अंगावर सुती कपड्यांऐवजी लोकरीचे कपडे का असायचे. इतिहासातल्या एका 'का'चं उत्तर बोटांनी, घड्याळानं आणि तराजूनं दिलं. इथे मोजणं बाजूला काढलं असतं तर इतिहासच अडला असता.

चार दशकांनी हाच धागा कापसाच्या मुलखात, वर्ध्याला आला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तिथे शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीनं डिसेंबरमध्ये नई तालीम योजनेचा अहवाल दिला. नई तालीम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे फक्त टकळी येते, पण त्या अहवालात शिक्षणाची केंद्रं तीन होती: हस्तव्यवसाय, नैसर्गिक परिसर आणि सामाजिक परिसर. विषयांची सांगड या तिन्हींपैकी जिथे ती खरोखर बसेल तिथे घालायची होती. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी सगळं टकळीलाच बांधलं गेलं आणि सामाजिक परिसर मागे पडला, हे मला त्या योजनेचं मोठं नुकसान वाटतं. आज चौथीपर्यंतच्या मुलाला समाज समजावून द्यायचा तर हस्तव्यवसायाइतकंच मोलाचं साधन त्याच्या गावात दर आठवड्याला भरतं. ते म्हणजे आठवडी बाजार.

एक घटक उलगडून पाहू. ठिकाण जुन्नर तालुका घेतो, कारण तिथे या प्रश्नाला लागणारं सगळं हाताशी आहे. बेल्ह्याचा सोमवारचा बाजार बैलांसाठी दूरवर ठाऊक आहे. नारायणगावचा उपबाजार टोमॅटोसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्यात द्राक्षं पिकतात. पश्चिमेच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करतात. आणि सह्याद्रीच्या धारेवर नाणेघाट आहे. इयत्ता चौथी, मुदत तीन आठवडे, प्रश्न वर दिलेलाच.

पहिल्या आठवड्यातलं मोठं काम म्हणजे बाजारात जाऊन येणं. त्याची तयारी भेटीइतकीच महत्त्वाची असते. मुलांना प्रश्न विचारायला शिकवावं लागतं. 'मावशी, भाजी ताजी आहे का?' या प्रश्नाला 'हो' एवढंच उत्तर येतं. 'मावशी, ही मेथी कुठल्या शिवारातली? घरून किती वाजता निघालात? माल कशातून आणलात? उरलेल्या मालाचं काय करता?' या प्रश्नांना गोष्टी येतात. गिऱ्हाईक आलं की बोलणं थांबवून बाजूला सरायचं, हा नियम आधीच ठरवावा. घाईच्या वेळी विक्रेत्याची बोहनी अडवून कुणाला समाजशास्त्र शिकता येणार नाही. चार-पाच मुलांचा एक गट, प्रत्येक गटाकडे एक ओळ. एका गटाकडे भाजी, दुसऱ्याकडे किराणा-मसाले, तिसऱ्याकडे कपडे-बांगड्या, चौथ्याकडे सुकट-बोंबील. एका गटानं फक्त नकाशा करायचा. पावलांनी अंतर मोजायचं, ओट्यावर कोण बसतं आणि जमिनीवर पोतं टाकून कोण बसतं हे टिपायचं, पाण्याचा नळ कुठे आहे, बायकांसाठी स्वच्छतागृह आहे की नाही, हेही नोंदवायचं.

वर्गात परतल्यावर लगेच निबंध लिहायला सांगू नये. इथे हिल्डा टाबा यांची पद्धत उपयोगी पडते. एस्टोनियात जन्मलेल्या या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेत, पुढे विशेषतः कॅलिफोर्नियात, प्राथमिक शाळांच्या सामाजिक शास्त्राच्या अभ्यासक्रमावर मोठं काम केलं. त्यांची एक पद्धत अशी: पाहिलेली प्रत्येक गोष्ट आधी नोंदवा, मग जे एकत्र जाईल असं वाटतं त्याचे गट करा, मग गटाला नाव द्या. एका चिठ्ठीवर एक वस्तू. चिठ्ठ्या जमिनीवर पसरायच्या आणि मुलांनी त्या जुळवायच्या. पहिल्या खेपेला मुलं 'भाज्या, फळं, कपडे' असे पुस्तकी गट करतात. शिक्षकानं घाई न करता 'आणखी कसे गट होतील?' असं विचारत राहायचं. मग 'आजच खपायला हवं ते आणि महिनाभर राहिलं तरी चालेल ते' असा गट निघतो. 'आपल्या तालुक्यातलं आणि बाहेरून आलेलं' निघतो. 'ज्यानं पिकवलं तोच विकतो आणि दुसऱ्याकडून घेऊन विकतो' असाही निघतो. नाशवंत माल, आयात, मध्यस्थ या पुढच्या इयत्तांतल्या संकल्पना आहेत. मुलांनी त्या स्वतः घडवल्या, शिक्षकानं फक्त शब्द पुरवला. तीन आठवड्यांतला हा तास मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. भेट झाली आणि हा तास झाला नाही, तर ती नुसती सहल होते.

यातूनच विज्ञान येतं, आणि ते प्रश्नाच्या पोटातून येतं. नाशवंत माल लांबच्या बाजारात जातो कसा? वर्गात एक साधा प्रयोग लावावा. देठाजवळ हिरवट आणि टोकाला किंचित लाली आलेला टोमॅटो आणि आंबट द्राक्षांचा छोटा घड, दोन्ही खिडकीत ठेवायचे. रोज बघायचं, रंग आणि स्पर्श नोंदवायचा. आठवड्याभरात टोमॅटो लाल होतो. द्राक्षं मात्र गोड होत नाहीत, नुसती सुरकुततात. काही फळं तोडल्यानंतरही पिकत राहतात, काही नाही. म्हणून लांबच्या गावाला जाणारा टोमॅटो थोडा कच्चा तोडतात, तो वाटेत पिकतो. द्राक्ष गोडी भरेपर्यंत वेलीवरच ठेवावं लागतं, आणि तोडलं की गारव्यात जपावं लागतं. एकाच तालुक्यातल्या दोन पिकांचा व्यापार इतका वेगळा का, याचं कारण मुलांनी खिडकीत पाहिलेलं असतं.

गणित येतं ते भावापाशी. समजा, एका विक्रेत्या बाईनं २० किलोचं टोमॅटोचं क्रेट ३०० रुपयांना घेतलं. म्हणजे किलोला १५ रुपये. बाजारात ती ३० रुपये किलोनं विकते. मुलांचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: दुप्पट घेतात, लुटतात. आता हिशेब करायचा. वाटेत आणि दिवसभरात दोन किलो माल नासला, उरला १८ किलो. त्याचे आले ५४० रुपये. त्यातून खरेदीचे ३०० गेले, टेम्पो, हमाली आणि बाजाराच्या पावतीचे मिळून क्रेटमागे ४० गेले. राहिले २००. पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उन्हात बसून दोन क्रेट संपली तर हाती ४०० रुपये येतात, आणि संध्याकाळी भाव पाडून माल काढावा लागला तर तेवढेही नाहीत. दुसरा गट हाच हिशेब शेतकऱ्याच्या बाजूनं करतो: बी, औषधं, तोडणीची मजुरी वजा जाता १५ रुपयांतले किती राहिले? बेरीज-वजाबाकी-गुणाकार तेच, चौथीचेच. पण उत्तर आल्यावर माणसाविषयीचं मत बदलतं. गणितानं सामाजिक शास्त्राचं काम केलं असं इथे खात्रीनं म्हणता येतं. हे आकडे नमुन्याचे आहेत. वर्गानं स्वतःच्या बाजारातले आकडे घ्यावेत आणि ते दर आठवड्याला बदलतात हेही पाहावं.

मापांचाही एक तास या घटकात नक्की ठेवावा. जुन्या घरांत अजून लाकडी किंवा पितळी मापं सापडतात. मुलांना ती आणायला सांगावं, आजी-आजोबांना नावं विचारायला सांगावं. प्रदेशागणिक थोडाफार फरक असला तरी सर्वसाधारण चढण अशी होती: दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. वाळू किंवा ज्वारी घेऊन मुलांनी एकातून दुसऱ्यात ओतून पाहिलं की मापटं म्हणजे शेराचा अर्धा, चिपटं पाव, कोळवं एक-अष्टमांश आणि निळवं एक-षोडशांश हे ध्यानात येतं. अपूर्णांकांचा धडा जड जाणाऱ्या मुलांना तो इथे हातानं कळतो. मग प्रश्न पडतो की ही मापं बाजारातून गेली कुठे? प्रमाणित वजनमापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि त्यानंतर टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं आली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. प्रत्येक मुलखाचा शेर वेगळा असेल तर लांबचा व्यापार कसा करायचा, हे मुलांना विचारावं. बाजारातल्या काट्यावरचा वैधमापन खात्याचा शिक्का कशासाठी असतो, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

आता इतिहास. चौथीला वर्षभर शिवचरित्र असतं, आणि जुन्नरच्या शिक्षकाला शिवनेरीचा मोह पडणारच. किल्ल्यावर जरूर जावं, पण ते शिवचरित्राच्या तासात. आपल्या प्रश्नाला शिवनेरीपेक्षा नाणेघाट जास्त उपयोगी आहे. चौथ्या गटाला बाजारात सुकट आणि बोंबील दिसले होते. समुद्र इथून दिसत नाही, मग मासळी कशी आली? वाळवून, खारवून, घाट चढून. आज ती गाडीनं माळशेज घाटातून येऊ शकते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल नाणेघाटानं देशावर यायचा. घाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं परंपरेनं सांगतात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि त्यात संख्या कोरलेल्या आहेत. भारतातल्या अंकांच्या जुन्या नमुन्यांपैकी तो एक. वाट, जकात आणि मोजदाद ही बाजाराची तीन अंगं एका घाटात सापडतात.

त्यानंतर शिवचरित्रातला एक प्रसंग मुलांपुढे ठेवावा. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला, मोठी रक्कम आणि घोडे मिळवले. त्याच वर्षी कल्याण स्वराज्यात आलं. नकाशावर जुन्नर आणि कल्याण दाखवून मुलांना विचारावं: या दोन गावांना जोडणारं काय आहे? ज्या मुलांनी आठवडाभर नाणेघाटाची वाट काढली आहे, ती बोट ठेवून दाखवतात. जुन्नरमध्ये एवढी संपत्ती का होती, या प्रश्नाला आता नुसतं 'ते श्रीमंत शहर होतं' हे उत्तर चालत नाही. स्वारीच्या गोष्टीला भूगोल मिळतो.

या घटकाचा आणखी एक फायदा मला फार महत्त्वाचा वाटतो. वर्गात पश्चिमेकडच्या वाडीतलं मूल असतं, बहुधा मागच्या बाकावर. उन्हाळ्यात त्याच्या घरचे हिरडा गोळा करतात. कोवळा बाळहिरडा कधी काढायचा, किती दिवस वाळवायचा, वाळल्यावर वजन किती घटतं, हे त्याला शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असतं. पण पुस्तकातल्या बाजारात हिरडा नसतो, त्यामुळे हे ज्ञान दप्तराबाहेर राहतं. प्रश्न 'माल कुठून येतो?' असा असेल तर हे मूल वर्गाला सांगणारं होतं. आई-आजीला बोलावलं तर त्या त्यांच्या बोलीत सांगतील, आणि ती बोली फळ्यावर जशीच्या तशी लिहावी. मात्र एक पथ्य पाळावं. घरची कमाई, कर्ज, व्यापाऱ्याकडून घेतलेली उचल हे विषय वर्गात उघडे करू नयेत. भावाचा हिशेब नमुन्याच्या आकड्यांवर करावा, कुठल्याही मुलाच्या घरावर नाही.

शेवटच्या आठवड्यात मुलांनी काय करून दाखवायचं, हे खरं तर सगळ्यांत आधी ठरवायला हवं. तक्ते आणि प्रतिकृती दिसायला छान असतात, पण त्यांतून कुणाला काय कळलं ते कळत नाही. मी दोन गोष्टी सुचवीन. एक, प्रत्येक मुलानं एकट्यानं अशा वस्तूचा प्रवास शोधून लिहायचा, जिचा वर्गात अभ्यास झाला नाही. मीठ, माठ, बांगड्या, झाडू, काहीही. टोमॅटोवर शिकलेलं मिठाला लावता आलं, तर ते खरंच शिकलं. दोन, सगळ्यांनी मिळून ग्रामपंचायतीला पत्र लिहायचं. नकाशाच्या गटानं नळ आणि स्वच्छतागृह मोजलेलं आहे, बाजार उठल्यावरचा कचरा सगळ्यांनी पाहिलेला आहे. औपचारिक पत्राचा मायना शिकायला याहून चांगली संधी नाही. पत्र खरोखर पाठवावं आणि उत्तराची वाट पाहावी. उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र लिहावं. नागरिकशास्त्रात तोही धडा आहे.

शिक्षकांची शंका रास्त असते: अभ्यासक्रम मागे पडेल. हिशेब करून पाहावा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाकाठी किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. अठरा दिवस रोज दोन तास म्हणजे ३६ तास, वर्षाच्या साडेचार टक्के. तेवढ्यात परिसर अभ्यासाचे घटक, भाषेतलं मुलाखत, पत्र आणि वर्णन, गणितातला पैसा, वजन, अपूर्णांक आणि चार क्रिया होतात. टाचणात प्रत्येक दिवसापुढे अध्ययन निष्पत्ती लिहिली तर केंद्रप्रमुखांनाही ते दाखवता येतं. पाढे, वाचनाचा ओघ, लेखी गणिताचा सराव हे मात्र रोज त्यांच्या ठरलेल्या वेळी व्हायला हवेत. ते या घटकात कोंबू नयेत. तीन आठवडे पाढे बंद ठेवणारा घटक मी चांगला म्हणणार नाही.

द्विशिक्षकी शाळेत हे उलट सोपं जातं, कारण एकच बाजार सगळ्या इयत्तांना पुरतो. पहिली-दुसरीची मुलं नाणी-नोटा ओळखतात आणि वस्तूंचे गट करतात. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं असतं, त्यातला जिल्ह्याचा नकाशा ते माल येण्याच्या वाटा दाखवायला वापरतात. भावाचा हिशेब चौथीनं करायचा आणि तो खालच्या वर्गांना समजावून सांगायचा.

प्रत्येक गावात नाणेघाट नाही, पण प्रश्न प्रत्येक गावात आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तो वेगळी उत्तरं देईल. कोकणातल्या बंदरगावात 'मासळी कुठे जाते?' असा उलटा विचारता येईल. मुंबईच्या शाळेत 'आपल्या घरी येणारं पाणी कुठून येतं?' हा प्रश्न भातसा-वैतरणेपर्यंत घेऊन जाईल. शिक्षकांना एवढीच विनंती आहे की यंदाचं वार्षिक नियोजन करताना असा एकच घटक आखा, त्याचा प्रश्न पहिल्या ओळीत लिहा, आणि त्याखाली कोणते विषय घेतले यासोबत कोणते मुद्दाम बाहेर ठेवले तेही लिहा.